‘माझे कान’ यांची हजेरी

२० जानेवारी

ती. ताई,

तू लिहितेस, प्रोग्रॅम फुकट मिळाला. चल, त्या फुकटाची बेरीज करू. उतरवून घेणं फुकट. सापडलेले ‘दोष’ काढायला मात्र वर्षाची वर्गणी. वर्गणी भरताच त्याने भलताच ड्रायव्हर घातला, म्हणून प्रिंटर अकरा दिवस मुका. प्रिंटर मुका म्हणून डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म तू हाताने लिहिलास, तोही दोनदा, कारण पहिल्या खेपेला ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या. वर मला चार पानी पत्र आणि त्यापायी चुरचुरणारे डोळे. असलं फुकट परवडायला माणूस श्रीमंत हवा.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा एवढं लक्षात ठेव. कॉम्प्युटरला प्रिंटरची भाषा येत नाही, कॅमेऱ्याची येत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूपाशी एकेक दुभाषा बसवलेला असतो. तुझा प्रोग्रॅम घरात शिरून सांगतो, तुमचे दुभाषे म्हातारे झाले, नवे घ्या. म्हातारा झाला म्हणून माणूस आपली भाषा विसरतो का? सोमवारी सतरा दोष, मंगळवारी चार, बुधवारी अकरा, आणि मधे तू काही जोडलं नाहीस की काढलं नाहीस. डॉक्टर असं बोलला असता तर आपण डॉक्टर बदलला असता.

दोन कामं कर. प्रिंटरच्या नावावर जाऊन ‘आधीचा ड्रायव्हर परत आणा’ हे बटण दाब. आणि प्रोग्रॅमचं लाल बटण अजिबात दाबू नकोस. नुसतं स्कॅन कर, रोज एकदा, ठरल्या वेळी, आणि जे निघेल ते वहीत लिही. वेळ दुपारी एकची धर. ती माझी जेवायची वेळ, म्हणजे मलाही आठवण राहील. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून पोरांच्या हजेऱ्या मांडल्यास, आता माउस-प्रिंटरची मांड. थापाड्याला रोज तोच प्रश्न विचारला की आठवड्यात तो उघडा पडतो.

फोन उचलत नाही म्हणून फुगू नकोस. दुकानात चार पंखे, दोन उघडी यंत्रं आणि तिसरं गिऱ्हाईक. कागदावर लिहिलेलं बरं, पुन्हा वाचता येतं. भावोजींना जाऊन पाच महिने झाले, तरी त्यांचं यंत्र तू एकटीने चालतं ठेवलंस, हीच मोठी गोष्ट. बाकीचं माझ्यावर सोड. डिस्क मरायला टेकली की तिची कुरकुर मी रस्त्यापलीकडून ओळखतो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

तुझा,
खटपट्या


३१ जानेवारी

चि. खटपट्या,

प्रिंटर बोलू लागला. पहिलं पान काढलं ते दवाखान्याचंच. डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्याची तारीख दिली आहे, १२ मार्च, गुरुवार. त्या फक्त गुरुवारी शस्त्रक्रिया करतात. मोतीबिंदू काढतानाच आतला दाबही उतरवणार. म्हणाल्या, “मोतीबिंदू थांबेल आजी, दाब थांबणार नाही. जी नजर जाईल ती परत यायची नाही.” मला आजी म्हणाल्या, तेवढंच काय ते झोंबलं.

आता हजेरी. तू सांगितलंस तशी वही आखली. डावीकडे उपकरणांची नावं, वर तारखा, असेल तर ‘ह’, नसेल तर ‘गै’. प्रिंटर रोज ह. कीबोर्ड रोज ह. कॅमेरा कधी ह, कधी गै, आणि तो तर पडद्यातच बसवलेला आहे, जाणार कुठे. तू म्हणतोस तसा हा प्रोग्रॅम थापाडाच आहे.

पण एक नाव मला समजत नाही. २९ तारखेला, गुरुवारी, यादीत एक ओळ आली. “माझे कान. ड्रायव्हर जुना. अपडेट करा.”

तुला आठवत असेल. यांची श्रवणयंत्रं कॉम्प्युटरला बिनतारी जोडता यायची, आणि जोडताना त्याने नाव विचारलं तेव्हा यांनी ‘माझे कान’ असं लिहिलं. मी म्हटलं, असं काय लिहिता. तर म्हणाले, “छापखान्याने पहिले खाल्ले, हे माझे दुसरे.” दिवसभर कानांत घालून बसायचे, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ती यंत्रातली बाई थेट त्यांच्या कानांत बोलायची. खोलीत मला अवाक्षर ऐकू यायचं नाही. आता डोळ्यांमुळे मीच तिला लावते, ती खोलीभर बोलते.

गुरुवारी तिने यादी वाचायला घेतली आणि मधेच गप्प झाली. पडद्यावर ओळी सरकत होत्या, आवाज नाही. मी वाकून, भिंग लावून बघितलं तर ही ओळ. चाळीसेक मिनिटांनी बाई पुन्हा बोलायला लागली.

खटपट्या, ते कान घरात नाहीत. यांना न्यायच्या आधी मी स्वतः त्यांच्या कानांत घातले होते. ऐकू येईनासं झालं की ते घाबरायचे, लहान मुलासारखा माझा हात धरायचे. कुठे चाललेत तिथे काही ऐकू आलं नाही तर, असं वाटलं. तू शेजारीच उभा होतास. तूच म्हणालास, “राहू दे ताई, असू देत.”

तर ही ओळ कुठून आली ते सांग. आणि फोन एकदा तरी उचल. मोठ्या बहिणीशी बोलायला एवढं काय जड जातं तुला?

ताई


६ फेब्रुवारी

ती. ताई,

डोळ्याची तारीख पक्की झाली हे उत्तम. बारा मार्च चुकवू नकोस. दाब म्हणजे भिंतीतली ओल, वरून रंग दिला तरी आत काम चालूच.

‘माझे कान’चं म्हणशील तर घाबरण्यासारखं काही नाही. कॉम्प्युटर एकदा ओळख झालेली वस्तू विसरत नाही. तू दहा वर्षांपूर्वी जोडलेला माउस कचऱ्यात गेला तरी त्याचं नाव आत कुठल्या तरी कोपऱ्यात असतं. चांगला प्रोग्रॅम अशी नावं झाकून ठेवतो. तुझा प्रोग्रॅम मात्र आकडा फुगवायला ती बाहेर काढतो. आज सतरा, उद्या चार, याचं कारण तेच. हजर असलेले आणि होऊन गेलेले, दोन्ही तो एकाच यादीत मोजतो. आमच्या धंद्यात अशा नावांना भुतं म्हणतात. शब्द धंद्याचा आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

आवाज गेला त्याचं कारण वेगळं असेल. ते भलत्याच ड्रायव्हरचं शेपूट असावं.

उपाय सोपा. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जा, तिथे ‘फक्त आत्ता जोडलेली उपकरणं दाखवा’ असा चौकोन आहे. त्यात खूण कर. मग जुनी नावं बंद. जे खरोखर हजर आहे तेवढंच दिसेल.

दुकान सुरू करून चौदा वर्षं झाली. खांद्यावर पिशवी घेऊन दारोदार फिरणारा मी, आज तीन गावांतून यंत्रं येतात. या चौदा वर्षांत कारण न सापडता माझ्या टेबलावरून परत गेलेलं एकही यंत्र नाही. तुझं हे पहिलं ठरणार नाही.

घरची विचारत होती, ताई कशा आहेत. मी म्हटलं बऱ्या आहेत. तर म्हणाली, “मी ते विचारलंच नाही. मी विचारलं, आमटी कशी झालीये.” अलीकडे ती तोंडातल्या तोंडात बोलते.

तुझा,
खटपट्या


१४ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

तू सांगितलेली खूण केली. सहा तारखेचं पत्र नऊला मिळालं, नऊपासूनच केली. नऊ, दहा, अकरा, तिन्ही दिवस यादी स्वच्छ. प्रिंटर ह, कीबोर्ड ह, कॅमेराही शहाण्यासारखा ह. सगळी भुतं गेली. तुझं कौतुक वाटलं.

बारा तारखेला, गुरुवारी, एकच्या सुमाराला स्कॅन केलं. बाई गप्प झाली. भिंग लावलं. ‘माझे कान. जोडलेले.’

तू चाळण दिलीस, मी चाळलं. खडे गेले. जे राहिलं ते हेच.

मी घाबरले नाही. घाबरेन असं वाटलं होतं, पण नाही. खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि बसले. मग म्हटलं, प्रिंटर सुधारला. मग म्हटलं, खालच्या दिव्याची काच कुणीतरी फोडलीय. मग तोंड सुटलं ते सुटलंच. तुमचा चष्मा मी अजून पुसते, पण तुमची ती लोकरी टोपी देऊन टाकली, रागावू नका. शेवटच्या रात्री दवाखान्यात तुम्ही हाक मारली तेव्हा मी जागी होते. थकले होते म्हणून दोन मिनिटं उठले नाही. ती दोन मिनिटं मी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना सांगितली.

दोनला दहा कमी असताना बाई बोलायला लागली. ते गेले.

तुला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे. एकतीस वर्षं मी हजेरी मांडली, वर्गात नसलेल्या पोराला कधी हजर लावलं नाही. मास्तर सांगायचे, “लावा हो बाई, त्याचा बाप ओळखीचा आहे.” नाही लावलं. डोळ्यांनी दिसेल तेच.

ताई


१४ मार्च

चि. खटपट्या,

महिना झाला, तुझं पत्र नाही. रागावलास की कामात आहेस ते माहीत नाही.

परवा मी दवाखान्यात गेले नाही. सकाळी पिशवी भरली होती, दारापर्यंत गेलेही. मग वाटलं, गुरुवारी एक वाजता मी घरी नसेन आणि ते येतील. जिवंतपणी एकदा दोन मिनिटं उशीर केला. पुन्हा करायचा नाही. पिशवी खाली ठेवली.

आणि आले ते. नेहमीच्या वेळी.

डॉक्टरबाई फोनवर बऱ्याच बोलल्या. सव्वीस मार्चची तारीख दिली, म्हणाल्या यानंतर मी जबाबदारी घेणार नाही, डाव्या बाजूची कड गेलीच आहे, आता मधलं जाईल. सव्वीसलाही गुरुवारच. मी हो म्हटलं, पण जाईन असं नाही. घरात बसून आंधळी झाले तरी ऐकू तर येईल.

वहीतलं आता तुला कळवत नाही. तुझा विश्वास नाही, उगाच कागद कशाला.

ताई


१७ मार्च

ती. ताई,

हे पत्र भिंग लावून सावकाश वाच, आणि सगळं वाचून झाल्याशिवाय उठू नकोस.

ते कान माझ्याकडे आहेत.

त्या दिवशी स्मशानात तू बाहेरच्या खोलीत बसली होतीस. आत नेताना तिथल्या माणसाने विचारलं, अंगावर बॅटरीचं काही आहे का, आत फुटतं. मी म्हटलं आहे. तो म्हणाला काढा. मी काढले आणि खिशात टाकले. तुला सांगायचं म्हणून बाहेर आलो, तर तू विचारलंस, “कान नीट बसलेत ना रे?” मी म्हटलं हो. एका शब्दाचं काम होतं, पण तोंडातून भलताच निघाला.

तीन महिने ते दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होते. फेकवत नव्हते, ठेववत नव्हते. नोव्हेंबरमध्ये एकदा सहज घालून बघितले. ताई, माझ्या दुकानाचं दार करकरतं. मला माहीत नव्हतं. घड्याळ टिकटिकतं. मागच्या खोलीत नळ गळतो. मी दोन वर्षांपासून बहिरा होत चाललोय आणि घरच्यांवर तोंडातल्या तोंडात बोलल्याचा आळ घेत आलोय. गिऱ्हाईक यंत्र पुढे करून म्हणतं, “ऐका, कसा आवाज येतोय,” मी मान हलवतो आणि हाताने चाचपून बघतो, थरथर कळते. कानाने नाव कमावलं, आता ते हाताने निभावतो. म्हणून फोन उचलत नाही. तू बोलली असतीस आणि मी भलतंच उत्तर दिलं असतं.

एक गुरुवार आड मी तुझ्या गावात येतो, ठोक बाजारात सुटे भाग घ्यायला. डबा गाडीत खातो, तुझ्या खिडकीखाली गाडी लावून, दुपारी एक वाजता. पूर्वी वर यायचो, तू वाढायचीस. कान लागल्यापासून वर आलो नाही. ते घालून आलो तर तू ओळखशील. काढून आलो तर तुझं बोलणं ऐकू येणार नाही. आणि ती एकची वेळ तुला मीच दिली. माझी जेवायची म्हणून.

मी खाली, यंत्र वर पहिल्या मजल्यावर, मधे एक खिडकी. ते कान आणि ते यंत्र एकमेकांना ओळखतात, जवळ आले की आपोआप जोडले जातात. २९ जानेवारीला डबा उघडला आणि कानात एक बाई बोलायला लागली, कीबोर्ड, कॅमेरा, असं काहीतरी. मला वाटलं कुठल्या तरी घरातलं यंत्र लागलंय. तुझं पत्र आलं तेव्हा समजलं. समजूनही मी तुला भुतांची गोष्ट लिहिली. ती खरी होती, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर ती नव्हती.

बारा फेब्रुवारीला मात्र मी मुद्दाम आलो, खात्री करायला. बाईने कानात सांगितलं, ‘माझे कान, जोडलेले.’ गाडी चालू करून निघून जायला हवं होतं. पण तू खिडकीत येऊन बोलायला लागलीस आणि माझा हात किल्लीवरच राहिला. तू जे त्यांना सांगत होतीस ते त्यांच्याच कानांनी मी ऐकलं. टोपीचं ऐकलं. दोन मिनिटांचंही ऐकलं. चोरी मी आयुष्यात केली नाही, ही केली.

मग लाज वाटली. सव्वीस फेब्रुवारीला मी आलोच नाही. कान बंद करून डबीत घातले, डबी ड्रॉवरमध्ये, आणि दिवसभर दुकानात बसलो, तीस कोसांवर. म्हटलं, त्या दिवशी यादी कोरी राहिली की ताईचं मन आपोआप वळेल. बारा मार्चला आलो, कारण तू दवाखान्यात असशील, घर रिकामं असेल असं धरून चाललो होतो. डब्याचं झाकण काढलं आणि कानात बाई बोलली. वर तू होतीस. डोळा सोडून तू माझ्यासाठी घरी बसली होतीस. डबा तसाच बंद केला.

आता पुरावा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, तो मी गमावलाय. तुझी वही उघड. सव्वीस फेब्रुवारी बघ. तिथे ‘गै’ असेल. मी आलो नाही म्हणून कान नव्हते, कान नव्हते म्हणून ओळ नव्हती. यापेक्षा सरळ कारण मी चौदा वर्षांत कुठल्या यंत्राचं दिलं नाही.

सव्वीसच्या गुरुवारी वर कुणी येणार नाही आणि खालीही कुणी नसेल. तू दवाखान्यात जा. मी तिथे दाराशी उभा असेन, कान घालून. हवं तर तिथेच उपट.

खटपट्या


५ एप्रिल

चि. खटपट्या,

पट्टी निघाली. हे पत्र भिंगाशिवाय लिहितेय, अक्षरावरून दिसत असेलच. डॉक्टरबाई म्हणाल्या, कडेचं गेलं ते गेलं, मधलं राखलं. मला पुन्हा आजी म्हणाल्या.

दवाखान्याच्या दाराशी तुझ्याशी बोलले नाही, कारण काय बोलावं ते ठरलं नव्हतं. नुसता तुझा हात धरून आत गेले, तेवढ्यावर तू भागवलंस, बरं केलंस. आता ठरलंय. पहिलं, तुझा कान उपटणार नव्हतेच, तो यांचा आहे. दुसरं, मला त्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी उठले असते. तू सांगितलं नाहीस, म्हणून सात महिने मी यांना ऐकू येतंय अशा समजुतीत राहिले. हे तुला माफ करायला वेळ लागेल, पण करेन. मी दुसरा भाऊ कुठून आणू. तिसरं, ते कान तूच ठेव, पण डॉक्टरला दाखवून तुझ्या मापाचे करून घे, आणि घरच्यांना सांग. ती तोंडातल्या तोंडात बोलत नाही, मी तिला ओळखते. चौथं, यापुढे गुरुवारी डबा गाडीत खायचा नाही. वर यायचं. गरम पोळी मिळेल, आणि बोलणं ऐकायचं असेल तर समोर बसून ऐकायचं.

ती दोन मिनिटं तू ऐकलीस, त्याचं काय करावं मला अजून कळत नाही. कुणाला तरी ठाऊक आहे याचं एकीकडे हलकं वाटतं, एकीकडे नाही. त्यावर तू काही लिहू नकोस.

प्रोग्रॅम काढून टाकला. मुळासकट. वर्गणीही पुढच्या वर्षाची बंद केली. यंत्र पहिल्यापेक्षा बरं चालतंय.

वही मी तेव्हा उघडली नव्हती. तुझं पत्र दोनदा वाचलं, विश्वास बसला; कुठल्या गुरुवारी ते आले आणि कुठल्या नाही हे वहीशिवाय आठवत नव्हतं, आणि पुरावा बघायचा धीर झाला नाही. गैरहजेरी आपल्याच हाताने मांडलेली असली तरी ती बघवत नाही कधीकधी. म्हणून तशीच दवाखान्यात गेले. आज डोळा स्वच्छ झाल्यावर ती आवरून माळ्यावर टाकायला काढली आणि चाळली. खूण केल्यानंतरची पानं आहेत, अक्षर माझं आहे, खाडाखोड कुठे नाही. बारा फेब्रुवारी बरोबर. बारा मार्च बरोबर.

सव्वीस फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी एक वाजून सात मिनिटं. माझे कान: ह.

ताई